भोक भरायचं, पण कशाने?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. घरातल्या भिंतीला भोक आहे, भेग आहे, टवका उडालाय, आणि दुकानात गेलं की समोर दहा प्रकारची पाकिटं न डबे, त्यातलं घ्यायचं कुठलं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि हा अंक फिलरलाच देऊन टाकला. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी छाटली आहेत.

प्रश्न : हॉलची एक भिंत रंगवायचीये. फोटोंचे खिळे काढल्यावर बारीक भोकं राहिलीत, टीव्हीचा स्टँड काढला तिथे ड्रिलची चार मोठी भोकं आहेत, एका ठिकाणी कपाट सरकवताना प्लास्टरचा टवका उडालाय, आणि भिंतभर केसासारख्या रेषा आहेत. एक जण म्हणतो पुट्टी लाव, दुसरा म्हणतो पीओपी, तिसरा म्हणतो पांढरं सिमेंट कालवून भर न मोकळा हो. नक्की काय घेऊ?

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, फक्त भिंत कुणीच बघितलेली दिसत नाही. तुमच्या एका भिंतीत चार वेगळी कामं आहेत, आणि चारही एकाच डब्यात भागवायला गेलात तर दोन तरी बिघडणार. फिलरचं नाव न कंपनी नंतर, आधी तीन गोष्टी बघायच्या : खड्डा किती खोल आहे, भिंतीला ओल आहे का, आणि ती भेग अजून हलतीये का. ओलीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही म्हणजे भिंत कोरडी आहे असं धरून चालतो.

खोली एवढी महत्त्वाची का, तर फिलर मुळात दोन जातीचे. एक वाळून कडक होणारे, दुसरे जमून कडक होणारे. डब्यात तयार पेस्ट मिळते ती पहिल्या जातीची. तिच्यातलं पाणी उडून गेलं की ती घट्ट होते, आणि पाणी गेलं की तेवढी जागा पण गेली, म्हणून पेस्ट आक्रसते. पातळ थराला त्याचा काही त्रास नाही, पण अंगठा जाईल एवढ्या खड्ड्यात एका दमात ठासून भरली तर वरून साय धरते, आत ओलीच राहते, आणि दोन दिवसांनी बघावं तर मधे खळगा न कडेनी गोल चीर. पावडर पाण्यात कालवून वापरायचे ते दुसऱ्या जातीचे, म्हणजे पीओपी, जिप्समवाली फिलर पावडर, सिमेंट-वाळूचा माल. हे पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन जमतात, वाळायची वाट बघत बसत नाहीत, म्हणून खोल खड्ड्यात तळापर्यंत सारखे कडक होतात. पीओपी तर जमताना आक्रसायच्या ऐवजी किंचित फुगतं, त्यामुळे भोकात गच्च बसतं.

यात पांढऱ्या सिमेंटची पुट्टी जरा फसवी आहे. ती पावडर आहे, पाण्याने जमते, त्यामुळे लोकांना वाटतं की हिने खड्डा पण भरेल, पण ती बनवलीये भिंतीचा चेहरा गुळगुळीत करायला. दोन हात मिळून साधारण दीड मिलिमीटर जाडी झाली की तिचं काम संपलं, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात तसं लिहिलेलं पण असतं, वाचतं कोण. जाड थापली की तडकणार.

आता तुमची कामं. खिळ्याच्या भोकांना तयार पेस्ट पुरते, त्यातही तो हलका फिलर मिळाला तर उत्तम, डबा उचलला की रिकामा वाटतो तो. त्यात आतून पोकळ असे अगदी बारीक मणी असतात म्हणून तो आक्रसत नाही म्हणण्याइतका कमी आक्रसतो आणि काचपेपरने सहज घासला जातो. मऊ असतो मात्र, कोपऱ्यावर किंवा जिथे खुर्ची आपटते तिथे नको. खिळा काढताना भोकाच्या कडेला जो छोटा उंचवटा येतो तो आधी पत्र्याने, म्हणजे पुट्टी ओढायच्या सपाट पट्टीने, खरवडा किंवा पत्र्याच्या मुठीने हलकेच आत दाबा, नाहीतर भोक भरलं तरी तिथे फुणशीसारखं टेंगूळ दिसत राहतं आणि माणूस उगाच फिलरला नावं ठेवतो.

ड्रिलच्या भोकातला प्लग, म्हणजे स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी, काढायचा. स्क्रू अर्धा फिरवून पकडीने ओढला की प्लग येतो, नाहीच आला तर ठोकून भिंतीच्या आत घाला न वरून भरा. आतली भुकटी मात्र काढायलाच हवी, फुंकर मारा, जुना टूथब्रश फिरवा, काही करा, कारण धुळीवर बसवलेला फिलर धुळीलाच चिकटतो, भिंतीला नाही. मग थोडं पाणी शिंपडून पीओपी किंवा फिलर पावडर घट्टसर कालवून दाबून भरा, भिंतीच्या किंचित वर ठेवा, आणि जमून आलं पण अजून दगड झालं नाही अशा वेळी पत्र्याच्या धारेने सपाट कापा. ही वेळ साधली की घासायचं काम निम्मं होतं.

टवक्याचं असं की आधी त्याच्या आजूबाजूला बोटाच्या पेराने ठोकत जा. बद्द आवाज आला म्हणजे तिथलं प्लास्टर विटेपासून सुटलंय, ते काढूनच टाकावं लागेल, भोक मोठं झालं तरी चालेल. वीट दिसायला लागली तर पुट्टी-पीओपी विसरा, बारीक वाळूचा एकास चार सिमेंट माल करा, जागा भिजवून घ्या आणि एका थराला दहा-बारा मिलिमीटरच्या वर जाऊ नका. त्यावर काही दिवस पाणी मारा, पूर्ण सुकू द्या, मग वर पुट्टी. वीट दिसत नसेल, चार-सहा मिलिमीटरचाच खड्डा असेल, तर फिलर पावडर पुरे.

राहिल्या केसासारख्या रेषा. त्या एक एक भरत बसू नका. प्लास्टर वाळताना आक्रसलं त्याच्या त्या खुणा आहेत, हलत नाहीत. भिंत घासा, पुसा, पाण्याने ओलसर करा आणि पुट्टीचे दोन पातळ हात द्या, पहिला उभा ओढला तर दुसरा आडवा. सिमेंटच्या पुट्टीखाली प्रायमर लागत नाही, पण जुना ऑइल पेंट किंवा चकचकीत रंग असेल तर तो घासून खडबडीत केल्याशिवाय ती धरणार नाही. डब्यातली अॅक्रिलिक पुट्टी वापरणार असाल तर उलटं, आधी प्रायमर, मग पुट्टी, परत प्रायमर.

आणि तिसऱ्या मित्राचं नुसतं पांढरं सिमेंट? भरता येतं, पण वाळू नाही, पॉलिमर नाही, त्यामुळे ते आक्रसून चिरतं, आणि एवढं कडक होतं की घासायला गेलात तर आजूबाजूची भिंत झिजते, ते तसंच राहतं. भिंतीपेक्षा फार कडक फिलर हा फार मऊ फिलरएवढाच त्रास देतो. अजून एक, पीओपी आणि सिमेंट एकात मिसळून 'मजबूत' माल करायची एक पद्धत दिसते. ती सोडून द्या. पुढे कधी ओल मिळाली तर जिप्सममधला सल्फेट सिमेंटशी क्रिया करून फुगतो आणि सगळा थर ढकलून बाहेर काढतो.

प्रश्न : दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीये आणि छताखाली बीमच्या खालून एक सरळ आडवी रेघ आहे. दर वेळी रंगारी पुट्टी भरून जातो, वर्षभरात दोन्ही परत उघडतात. फिलर खराब का रंगारी?

उत्तर : दोघंही नाही. भेग हलतीये, आणि हलत्या भेगेत कडक फिलर टिकत नाही, कितीही भारी आणा.

आडवी रेघ आधी घेऊ कारण ती सोपी आहे. वर काँक्रीटचा बीम, खाली विटांचं बांधकाम, दोन वेगळे पदार्थ, ऊन-थंडी-दमटपणाला दोघं वेगवेगळे फुगतात न आक्रसतात आणि त्यांच्या सांध्यावरचं प्लास्टर मधल्यामधे फाटतं. कॉलमच्या कडेने उभी रेघ दिसते ती पण याच घराण्यातली. तिथे पुट्टी न भरता भेग आधी मोठी करा. हो, मोठीच. पत्र्याच्या टोकाने किंवा खरवडणीने इंग्रजी व्ही अक्षरासारखी पाचेक मिलिमीटर रुंद न तेवढीच खोल खाच पाडायची, कारण केसाएवढ्या फटीत फिलर आत जातच नाही, वरच्या वर पसरतो न तुम्हाला वाटतं भरली. धूळ काढा, प्रायमरचा ब्रश फिरवा, सुकू द्या. मग लवचिक राहणारी अॅक्रिलिक क्रॅक पेस्ट किंवा अॅक्रिलिक सीलंट, म्हणजे ज्यावर रंग बसतो अशी फटी बंद करायची लवचिक पेस्ट, भरा. तो वाळला की वरून दोन इंची फायबरची जाळीची पट्टी, पट्टीवर पुट्टीचा पातळ हात, कडा दोन्ही बाजूला वीतभर पसरवत न्यायच्या. जाळी भेगेचा ताण एका रेषेवर न ठेवता रुंद जागेत वाटून देते. पुढे कधी पूर्ण प्लास्टर नवीन करायची वेळ आली तर सांध्यावर जाळी ठोकूनच प्लास्टर करायला सांगा, आणि काँक्रीट टाचे मारून, म्हणजे छिन्नीने टोचून, खडबडीत करून घ्यायला सांगा नाहीतर माल धरत नाही.

तिरक्या भेगेबद्दल मात्र घाई नको. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघणं तसं नेहमीचं, भिंतीतला ताण तिथेच गोळा होतो. पण ती थांबलेली आहे का वाढतीये हे कळल्याशिवाय भरून उपयोग नाही. पेन्सिलने भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करा, बाजूला तारीख लिहा, मधे एका जागी रुंदी मोजून तीही लिहा, आणि काही महिने हात लावू नका. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची एक जुनी वर्गवारी इंजिनियर लोक अजून वापरतात, त्यात एक मिलिमीटरपर्यंतची भेग म्हणजे रंगकामात मिटणारी, पाचपर्यंत म्हणजे भरण्यासारखी, आणि पाच ते पंधरा म्हणजे उकरून गवंड्याकडून दुरुस्त करायची. आकडा एकटा पुरत नाही अर्थात. दार अडकायला लागलंय, भेगेची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आलीये, तीच भेग भिंतीच्या पलीकडच्या बाजूला पण दिसतीये, यातलं एक जरी असेल तर फिलरचा डबा बाजूला ठेवा न स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. आणि भेग बीममधे किंवा कॉलममधेच असेल, त्यातून तांबूस डाग उतरत असेल, तर आतली सळई गंजून फुगतीये. ती पुट्टीने झाकणं म्हणजे आजार लपवणं.

प्रश्न : बाथरूमच्या मागच्या भिंतीवर पुट्टीचे पोपडे सुटतात, पांढरी भुकटी येते. दोन वेळा खरवडून नवीन पुट्टी लावली, वॉटरप्रूफ म्हणणारी पण लावून बघितली. आता कोणती लावू?

उत्तर : आत्ता कोणतीच लावू नका.

ती पांढरी भुकटी म्हणजे खार. भिंतीतून पाणी चालत येतं, विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बरोबर आणतं, पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ते पुट्टीच्या मागे जमले की स्फटिक वाढताना पुट्टीला ढकलतात. म्हणजे पोपडा पुट्टीच्या दोषाने सुटत नाहीये, मागून लोटला जातोय. तुम्ही समोरून कितीही चांगली पुट्टी लावा, मागून लोटणारा तिथेच आहे.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, नळाची गळती, फरशीच्या सांध्यात भरलेला माल (ग्राउट) निघालेला, ड्रेनेजचा जोड, बाहेरून भिंतीला आलेली चीर. खात्री करायची असेल तर पोपडे काढलेल्या जागेवर प्लॅस्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटवा न रात्रभर ठेवा. सकाळी थेंब कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतीये, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतला दमटपणा गार भिंतीवर जमतोय, मग तिथे खिडकी-एक्झॉस्टचा विषय, गळतीचा नाही. दोन्हीकडे असतील तर दोन्ही.

गळती बंद झाली की सुटलेलं सगळं घट्ट प्लास्टर लागेपर्यंत काढा आणि खार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुवायचा मोह होतो पण धुतलं की क्षार विरघळून परत भिंतीतच जातात. मग थांबा. हेच कुणाला जमत नाही. भिंत आतून सुकायला आठवडे नाही, कधी कधी महिने लागतात, आणि वरून हाताला कोरडी लागली म्हणजे आतून कोरडी झाली असं नसतं, तोच प्लॅस्टिकचा कागद परत लावून बघा.

भरताना तिथे पीओपी किंवा जिप्समचं काहीही नको. जिप्सम पाण्यात विरघळतं, फार नाही, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, पण सतत ओल असलेल्या भिंतीत तेवढ्याने ते मऊ पडून भुसभुशीत होतं. अॅक्रिलिक पेस्ट पण ओलीत नरम पडते. तिथे सिमेंटचंच कुटुंब, खड्डे पॉलिमर घातलेल्या रिपेअर मॉर्टरने, वर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. आणि आतून वॉटरप्रूफ थर मारून ओल 'अडवायची' ती कल्पना, पाणी तिथे थांबत नाही, थर संपतो तिथून वर किंवा बाजूने निघतं, फक्त तुम्हाला वर्षभर कळत नाही.

प्रश्न : भाड्याचं घर सोडतोय. खिळ्यांची भोकं टूथपेस्टने नाहीतर साबणाने भरली तर चालेल का? इंटरनेटवर बरेच जण सांगतात.

उत्तर : दिसायला चालेल, घर सोडायच्या दिवसापुरतं. टूथपेस्ट वाळून आक्रसते न पिवळी पडते, साबणावर रंग धरत नाही, आणि पुढचा रंगारी भिंतीवर ओला रोलर फिरवेल तेव्हा दोन्ही विरघळून डाग सोडतील. फिलरची सगळ्यात छोटी ट्यूब घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

प्रश्न : पीओपी कालवतोय तोपर्यंतच घट्ट होतं. अर्धं फुकट जातं. पाणी जास्त घालू का?

उत्तर : पाणी जास्त घातलंत तर जमेल उशिरा, पण आतून भुसभुशीत राहील. चूक बहुतेक भांड्यात असते. मागच्या वेळच्या पीओपीचे कण घमेल्याला किंवा पत्र्याला चिकटलेले असले की नवीन माल त्या कणांच्या भोवती झपाट्याने जमायला लागतो, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने त्याला घाई करताय. दर वेळी भांडं स्वच्छ, शक्यतो लवचिक प्लॅस्टिकचं, दाबलं की वाळलेलं पीओपी तडकून निघतं.

पाणी गार घ्या आणि आधी पाणी, मग त्यात पावडर भुरभुरत सोडा, पावडरवर पाणी ओतू नका. पावडर पाण्याखाली बसेपर्यंत मिनिटभर तशीच ठेवा, मग हलक्या हाताने एकजीव करा, जोरात घोटत बसलात तर लवकर जमतं. मूठभर कालवा, संपलं की परत मूठभर. वेळ वाढवायचीच असेल तर पाण्यात सायट्रिक अॅसिडची चिमूट किंवा लिंबाच्या रसाचे थोडे थेंब, त्याने जमणं लांबतं, जास्त घातलं तर जमतच नाही म्हणून आधी वाटीभरात करून बघा. मीठ घालू नका, ते उलट घाई करतं. आणि एकदा जमायला लागलेलं पीओपी पाणी घालून परत सैल करायचं नाही, ते टाकायचंच. टाकायचं म्हणजे बेसिनमधे नाही हो, पाईपमधे जाऊन ते पाण्याखाली पण जमतं.

प्रश्न : भोक छान भरलं, घासलं, वर तोच रंग लावला, तरी तेवढा ठिगळासारखा भाग उठून दिसतो. दिवसा नाही दिसत, रात्री दिवा लावला की दिसतो.

उत्तर : दिवसा दिसत नाही आणि दिव्यात दिसतो म्हणजे उंचसखलपणा आहे. भिंतीवरून तिरका येणारा उजेड अर्ध्या मिलिमीटरची सावली पण दाखवतो. घासताना टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, सगळं तिथल्या तिथे दिसेल. बहुतेक वेळा फिलर भोकाएवढाच लावला जातो आणि कडेला पायरी राहते. शेवटचा हात भोकाच्या चांगला बाहेर, रुंद पत्र्याने, कडेला शून्य होत जाईल असा ओढायचा. आधी १२० किंवा १५० नंबरचा काचपेपर, शेवटी २२०, आणि पेपर लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्याला गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचेच खळगे पडतात.

त्या जागी रंगाची चमक वेगळी दिसत असेल, मंद किंवा काळपट, तर कारण वेगळं. फिलर रंगातलं पाणी पटकन पिऊन टाकतो, शेजारची रंगवलेली भिंत पीत नाही. तेवढ्या जागेवर प्रायमर मारायचा राहिलाय. आणि आधी रोलरने रंगवलेल्या भिंतीवर ठिगळाला ब्रश लावू नका, पोत वेगळा येतो. खरं सांगू का, जुन्या रंगाशी नवीन रंग, अगदी तोच नंबर असला तरी, पूर्ण जुळणं अवघडच, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत मारून टाका.

प्रश्न : दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने भरली, त्यावर रंग बसतच नाही, थेंब थेंब होऊन सुटतो.

उत्तर : बसणारच नाही, साध्या सिलिकॉनवर कुठलाच रंग धरत नाही. ते बाथरूमच्या टाइल आणि काचेसाठी. ब्लेडने कापून पूर्ण काढा, पातळ पापुद्रा राहिला तरी पुढचा सीलंट त्यावर सुटेल. मग रंग घेणारा अॅक्रिलिक सीलंट, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. लाकूड आणि भिंत वेगवेगळी हलतात म्हणून तिथे पुट्टी किंवा पीओपी नकोच. फट बोटाएवढी असेल तर आधी फोमची गोल दोरी आत दाबा न वरून सीलंट, सगळी सीलंटने भरली तर आक्रसून आत बसते. त्याहून मोठी असेल तर फुगणारा पीयू फोम, पण तो बेतानेच मारा, फार फुगतो, वाळल्यावर कटरने सपाट कापा आणि उघडा ठेवू नका, उन्हाने पिवळा पडून चुरा होतो.

प्रश्न : भोक मोठं झालंय, प्लग फिरतो. पीओपीने भरून त्यातच परत ड्रिल मारलं तर शेल्फ धरेल का?

उत्तर : नाही. फिलर भोक झाकायला असतो, वजन झेलायला नाही. एक जाड साइजचा प्लग घ्या, किंवा भोक साफ करून केमिकल अँकर, म्हणजे भोकात कडक होऊन स्क्रू-सळई धरणारा चिकट माल, नाहीतर सरळ शेल्फ थोडं सरकवून ताज्या जागी ड्रिल करा न जुनं भोक भरून टाका. वर काचेचं काही ठेवणार असाल तर हा शेवटचाच.

प्रश्न : खोलीत जिप्सम बोर्डचं पार्टिशन आहे, दाराची मूठ लागून मुठीएवढं भोक पडलंय, मागे पोकळ. फिलर आत पडतो.

उत्तर : पडणारच, मागे टेकायला काही नाही. भोक करवतीने नीट चौकोनी कापा. भोकापेक्षा लांब अशा लाकडाच्या दोन पट्ट्या आतून आडव्या धरा आणि बोर्डाच्या समोरून स्क्रू मारून अडकवा, आता मागे आधार झाला. बोर्डाचाच तेवढा चौकोन कापून त्या पट्ट्यांवर स्क्रूने बसवा, स्क्रूची डोकी कागद न फाडता किंचित आत. चारही सांध्यांवर जॉइंट कंपाउंड, म्हणजे बोर्डाचे सांधे भरायची पेस्ट, त्यात कागदी टेप बुडवून दाबायची, वर अजून दोन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि आधीचा पूर्ण वाळल्यावर. सिमेंटची पुट्टी इथे नको, बोर्डाचा कागद न ती एकमेकांना मानवत नाहीत. आणि दारामागे स्टॉपर लावा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत हाच प्रश्न.

प्रश्न : जुनं घर आहे, भिंतींवर रंगाचे थरावर थर. भरायच्या आधी सगळं मशीनने घासून घ्यावं म्हणतोय. घरात लहान मूल आहे.

उत्तर : थांबा. जुन्या ऑइल पेंटमधे शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते धुळीत येतं, मुलांच्या हातातून तोंडात जातं. अमेरिकेत घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मधे बंद झाला, बाकी देशांत आगेमागे, काही ठिकाणी बरंच नंतर. जुन्या काळच्या भिंत भरायच्या पावडरीत अॅस्बेस्टॉस पण घालत असत, अमेरिकेने तशी पावडर १९७७ मधे बंद केली. तुमच्या भिंतीत काय आहे हे घासून कळणार नाही, त्यामुळे आधी तपासून घ्या आणि तोपर्यंत मशीन लावूच नका.

शिसं निघालं नाही तरी पुट्टीची धूळ फुफ्फुसाला चांगली नाहीच. फडकं नाही, एन-९५ मास्क, दार बंद, पंखा बंद, भिंत ओलसर करून ओल्या स्पंजने किंवा पाण्यात चालणाऱ्या काचपेपरने घासा, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. मूल त्या दिवशी दुसरीकडे. आणि सगळा रंग काढायची गरजच नाही, जो घट्ट धरून आहे तो राहू द्या, सुटलेलाच खरवडा न कडा मिळवून घ्या.

प्रश्न : अर्धा डबा पेस्ट आणि अर्धी पिशवी पुट्टी उरली. पुढच्या वेळी चालेल?

उत्तर : पेस्ट चालेल, वरचा पृष्ठभाग सपाट करून त्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा, झाकणाची कड पुसून घट्ट लावा. वास आंबूस यायला लागला किंवा वर बुरशी दिसली तर टाका. पावडरीचं तसं नाही, ती हवेतला दमटपणा ओढते. पिशवीचं तोंड बांधून हवाबंद डब्यात ठेवली तरी वापरायच्या आधी हातात घेऊन बघा, बोटात चुरडले न जाणारे खडे लागले तर ती जमून गेलेली आहे, चाळून वापरू नका. कालवलेली पुट्टी मात्र दोन-तीन तासांत संपवायची, उरली ती पाणी घालून दुसऱ्या दिवशी लावता येत नाही.